अंबाडीची काडी

आमच्यात लग्न मोडायला काडी लागते. चार पंच बसतात, नवरा एक वाळकी काडी हातात घेतो, सगळ्यांसमोर मोडतो आणि दोन तुकडे दोन बाजूंना टाकतो. बायको गळ्यातली पोत काढून ठेवते. पंच म्हणतात, "मोकळी." झाली फारकत. पुढे मनात आलं तर तिनं पाट लावायचा, म्हणजे दुसरं लग्न करायचं. मोठ्या म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका जन्मभर सोसत राहत. आमच्या माळ्यांच्या बायका एका काडीवर सुटत. आणि त्याची आमच्यात कुणाला लाज वाटत नसे.

माझी काडी मात्र अंबाडीची निघाली.

माझं माहेर धाडचं आणि पहिलं सासर उंद्रीकडचं. पहिला नवरा मारायचा. हातात येईल त्यानं मारायचा, एकदा तापलेल्या तव्यानं मारलं. मी काही गरीब गाय नव्हते, मीही बोलत असे, आणि माझं बोलणं माराहून जास्त झोंबतं असं त्याची आई म्हणायची. झोंबत असेल. पण बोलण्यानं कातडी भाजत नाही. शेवटी मी माहेरी येऊन बसले, आणि बाबांनी पंच बोलावले.

ते बसले आमच्या अंगणात, नेमके बाजाराच्या दिवशी. सगळ्यांना घाई. कुणाला बैल बघायचे होते, कुणाला मिरच्या विकायच्या होत्या. काडीसाठी माझ्या काकानं हात लांबवला आणि कुडाला टेकवलेल्या भाऱ्यातून एक काडी ओढून दिली. तो भारा अंबाडीचा होता. जिच्या सालीचे दोर वळून आपण बैल बांधतो, ती अंबाडी. तिची काडी मोडते, पण साल तुटत नाही. इतका शेतकरी माणूस बसला होता तिथे, पण एकाच्याही डोक्यात हे आलं नाही.

मी माजघरात, मायच्या मागे. बायकांनी पंचात बसायचं नसतं. मला 'कट' असा आवाज ऐकू आला, आणि मागून हसण्याचा. मागाहून कळलं, पहिल्या नवऱ्यानं काडी मोडली होती, पण दोन्ही तुकडे सालीला लोंबत होते. त्यानं ओढलं, पिळलं, पुन्हा ओढलं. साल काही सुटेना. म्हातारे पंच म्हणाले, "मोडली, मोडली! आता काय दातानं तोडतं काय रे बावा? उठा, जेवाले वाढा." सगळे हसत हसत उठले. काडी तशीच अंगणात पडली, आणि आमच्या शेळीनं ती खाल्ली. ती जपून ठेवायला हवी होती हे तेव्हा कोण सांगणार?

पुढे पिंपळगाव राजाच्या एका बिजवराशी माझा पाट लागला. मळ्यात वांगी, मेथी, कोथिंबीर करणारा माणूस. बोलणं कमी, काम जास्त. त्यांना मी इथं नुसतं 'हे' म्हणते, तेव्हाही तेच म्हणत होते. त्यांच्या घरात मी पहिल्यांदा भाकरी करपवली, तेव्हा पाठ आपोआप आकसून घेतली होती. ह्यांनी करपलेला पापुद्रा काढून बाजूला ठेवला आणि उरलेली खाल्ली. मी चुलीपुढे बसून रडले आणि धुराचं नाव सांगितलं.

माझं पोट दिसायला लागलं तेव्हा पाकीट आलं. रजिस्टर पोस्टानं, माहेरच्या पत्त्यावर. बाबांनी ते शाळामास्तरांकडून वाचून घेतलं आणि मला आणायला गाडी पाठवली. बुलढाण्याच्या कुणा वकिलानं पहिल्याच्या वतीनं लिहिलं होतं, की पंचांसमोर काडी मोडलीच नाही, फक्त वाकली. सबब फारकत झाली नाही, लग्न कायम आहे, बायकोनं नांदायला यावं. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती. मास्तर ती वाचताना अडखळले. होणारं अपत्यही आमच्या अशिलाचंच कायदेशीर अपत्य समजण्यात येईल.

मास्तरांना मी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. ऐकता ऐकता हात आपोआप पोटावर गेला. नांदायला नेतील याची मला भीती नव्हती. मी विहिरीत उडी घेतली असती पण त्या घरी गेले नसते. पण लेकरू? ते तर मला न विचारताच कागदावर त्याचं झालं होतं.

हे सगळं पहिल्याच्या चुलत्याचं डोकं होतं. पहिल्याला पुन्हा कुणी मुलगी देईना. जो तो विचारी, पहिलीचं काय झालं? आणि काडी लोंबत राहिली ही गोष्ट बाजारातून सगळीकडे गेलेली. चुलता म्हणाला, मोडली नाही ना, मग बायको आपलीच आहे. आणा घरी. त्या माणसाची शेती मोठी होती आणि हट्ट शेतीहून मोठा होता.

बाबा मला घेऊन बुलढाण्याला गेले. वकीलसाहेब चष्म्यातून माझ्या पोटाकडे बघून म्हणाले, "त्यांनी दावा लावण्याआधी आपण लावायचा. आपण मागायचं की फारकत झाली आहे असं कोर्टानं जाहीर करावं."

बाबा म्हणाले, "साहेब, फारकत तं झाली हाय. मंग कोर्ट कायले?"

"तुमच्या गावात झाली. कोर्टात व्हायची आहे," वकीलसाहेब म्हणाले. मग त्यांनी समजावून सांगितलं, की हिंदूंच्या शास्त्रात बायकोला नवरा सोडता येत नाही. सरकार शास्त्र मानतं. पण एखाद्या जातीत जुनी चाल असेल तर सरकार चालही मानतं. मात्र ती चाल आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि ती चालीप्रमाणेच पार पडली हेही सिद्ध करावं लागतं. "चालीत काडी मोडायची असते. म्हणून सगळं त्या काडीवर आलं."

मी म्हटलं, "शेळीनं खाल्ली."

वकीलसाहेब हसले नाहीत. तेव्हा मला कळलं की आपलं काही खरं नाही.

दावा लिहिताना कारकुनानं दौतीत टाक बुडवला आणि माझं नाव लिहून थांबला. कोर्टाच्या कागदात बाईच्या नावापुढे 'कोम' लिहितात आणि मग नवऱ्याचं नाव, म्हणजे अमक्याची बायको तमकी असं नाही, तमकी कोम अमका. त्यानं मान वर न करता विचारलं, "कोम?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी वकीलसाहेबांकडे. टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमत होता. वकीलसाहेब म्हणाले, "त्याचाच तर दावा आहे. बापाचं नाव घाला." अशी मी पोटुशी बाई कागदावर पुन्हा कुणाची तरी मुलगी झाले. मला सही येत होती, दुसऱ्या इयत्तेपर्यंत शिकलेली होते. पण वकीलसाहेब म्हणाले, अंगठाच उठवा, बरं दिसतं. माझा अंगठा धरून त्यांनी शाईत दाबला.

त्यानंतर तारखा सुरू झाल्या. कधी समन्स लागलं नाही म्हणून, कधी त्यांचे वकील आजारी म्हणून, कधी जज्जसाहेब दौऱ्यावर म्हणून. प्रत्येक वेळी पहाटे धाडहून गाडी जुंपायची, कोर्टाच्या लिंबाखाली भाकर सोडायची आणि पुकाऱ्याची वाट पाहत बसायचं. पुकारा झाला की उठून आत जायचं, आणि पुढची तारीख घेऊन परत घरी यायचं. घरी बायका यायच्या. त्यांना माझी काळजी होती, पण काळजीही कशी करावी याला काही ताळ हवा. एक म्हणाली, "लेकरू झाल्याबरोबर त्याले द्या लागते काय वं?" दुसरी म्हणाली, "पोरगी झाली तं नेणार नाही. पोरगं झालं तं नेईन." त्या दिवसापासून मी देवाकडे पोरगी मागायला लागले. आमच्या गल्लीत पोरगी मागणारी मी पहिलीच असेन.

हे आठ-पंधरा दिवसांनी पिंपळगावहून यायचे, सोबत भाजीचं गाठोडं घेऊन, जणू धाडला भाजी पिकतच नव्हती. बसायचे, पाणी प्यायचे, माझ्याकडे बघायचे. एकदा जाताना दारात थांबून म्हणाले, "त्यानं नेलं तं मी काय करू?" मला इतका राग आला. मला धीर द्यायचा सोडून मलाच विचारतात! मी म्हटलं, "कुऱ्हाड घ्या अन् काय!" ते मान हलवून गेले. गेल्यावर मला वाटलं, ते खरंच कुऱ्हाड घेतील. मग मी त्या भीतीनंही झोपेना.

साक्षीची तारीख लागली तेव्हा मला चालवत नव्हतं. आदल्या दिवशी वकीलसाहेबांनी पढवलं होतं, "काडी मोडताना तुम्ही पाहिली असं सांगायचं."

"मी पाह्यली नाही. मी मांघरात होते."

"सांगायचं," ते म्हणाले, आणि दुसऱ्या कागदाकडे वळले.

रात्रभर माझ्या डोक्यात तेच. शपथ घेऊन खोटं बोलायचं, आणि पोटात लेकरू. माय म्हणाली, "लेकरासाठीच बोलतं ना, मंग देव पाह्यत नाही." पण देव पाहत नाही असं मानलं तर मग पोरगी मागत होते ती कुणाकडे?

जज्जसाहेब नवीन होते. प्रांत तेव्हा मोठा, इकडून तिकडे बदल्या व्हायच्या. ते जबलपूरकडून आले होते. मराठी त्यांना समजे, पण आमच्या बोलीपाशी अडत. आपण मराठीत बोलायचं आणि ते इंग्रजीत लिहून घ्यायचे. मी पिंजऱ्याचा कठडा धरून उभी राहिले. शपथ झाली. वकीलसाहेबांनी विचारलं, "काडी मोडली हे तुम्हांला कसं माहीत?"

मी तोंड उघडलं आणि म्हटलं, "ऐकली."

वकीलसाहेबांनी चष्मा काढला. साहेबांनी विचारलं, "सुनी? काडी सुनी?"

"हो साहेब. कट असा आवाज आला. मी आतल्या खोलीत होते."

पहिल्याचे वकील खुशीत उठले. "म्हणजे डोळ्यांनी काही पाहिलं नाही. बरं, साल तुटल्याचा आवाज ऐकलात का?"

"सालीचा आवाज येत नसते. भिजू घातल्याबिगर थे निंघतच नाही."

सगळं कोर्ट हसलं. मी मात्र हसले नाही. मला दिसत होतं की मी स्वतःच्या तोंडानं सगळं घालवलंय, आणि वर अंबाडी कशी सोलायची तेही शिकवून आलेय.

मग पंचांच्या साक्षी. एक मेलेले. दोघांना काही आठवेना, चुलत्याचा निरोप पोचला असावा. जे म्हातारे "उठा, जेवाले वाढा" म्हणाले होते ते आले आणि ठामपणे म्हणाले, "मोडली." पहिल्याच्या वकिलानं विचारलं, "दोन तुकडे झाले?" म्हातारे बिचारे खरं बोलणारे. म्हणाले, "झाले. पण लोंबत होते." साहेबांनी तेवढं शब्दाशब्दानं लिहून घेतलं. मी मागे बाबांकडे पाहिलं. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

दुपारनंतर पहिला पिंजऱ्यात आला. फेटा नवा, बोलणं पढवलेलं. काडी वाकली, मोडली नाही, बायको माझी आहे, नांदवायला तयार आहे. मी जमिनीकडे बघत होते. लेकरू आतून लाथा मारत होतं, आणि तो आवाज त्याला ऐकू जाऊ नये असं मला वाटत होतं. ऐकलं तर ते ओळखेल त्याला, असलं काहीतरी.

आमचे वकीलसाहेब उठले. त्यांच्याकडे विचारायला काही उरलं नाही असंच मला वाटलं. त्यांनी अगदी सहज सुरुवात केली, "ही बाई एरवी कुठं राहते?"

"पिंपळगावले."

"कोणाकडे?"

"तिच्या पाटाच्या नवऱ्याकडे," पहिला म्हणाला. एवढं सरळ म्हणाला, जणू कुणी वाट विचारली होती.

साहेबांचा टाक थांबला. "पाट? पानी का पाट?" मळ्यातला पाण्याचा पाट त्यांना ठाऊक होता. लोक पुन्हा हसले. पण वकीलसाहेब हसले नाहीत. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला आणि अगदी हळू म्हणाले, "पाट म्हणजे काय ते तूच साहेबांना सांग."

"पाट म्हंजे... बाईचं दुसरं लगन."

"कोणत्या बाईचा लागतो?"

"रांडमुंड झाली त्या बाईचा. नाहीतं फारकत झाली त्या बाईचा."

"हिचा पहिला नवरा मेला आहे?"

"मी हाय ना जिता," तो म्हणाला. मग त्याला कळलं. मागून चुलता खोकला.

"फारकत न होता एखादी बाई दुसऱ्याच्या घरी जाऊन राहिली, तर त्याला तुमच्यात पाट म्हणतात?"

"नाही."

"मग काय म्हणतात?"

त्या दिवसात पहिल्यांदाच त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पोटाकडे. मी पदर ओढून घेतला. चुलता पुन्हा खोकला, यावेळी मोठ्यानं. साहेब म्हणाले, "जवाब दो."

"येगळं म्हणते, साहेब. मले नाही सांगाचं ते."

"हिच्या पोटातलं मूल कुणाचं?"

"त्याइचं," तो म्हणाला, आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या ह्यांच्याकडे बोट केलं.

मला त्यातलं काहीच नीट कळलं नव्हतं. गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "वकीलसाहेब खूश हायेत." मी म्हटलं, "ते खूश असले म्हणजे मला काय मिळालं?" निकाल लागलेला नव्हता. आणि तो लागायच्या आधीच मी बाळंत झाले. पोरगी झाली. सुईण म्हणाली, "नवसाची दिसते." बारसं केलं नाही. कोतवाल जन्माची नोंद विचारायला आला तेव्हा मायनं त्याला चहा पाजला आणि म्हणाली, नंतर ये बावा. पाळण्यातल्या पोरीला आम्ही नुसतं 'बाई' म्हणत होतो. अंगणात कुणी अनोळखी माणूस उभा राहिला की मी तिला उचलून आत न्यायची. एकदा तर शेजारचाच पाहुणा निघाला, आणि मी पोरीला कणगीच्या मागे घेऊन बसले होते.

निकालाच्या दिवशी मी तिला पदराखाली घेऊन गेले. घरी कुणावर सोडायची हिंमत झाली नाही. साहेबांनी बराच वेळ इंग्रजीत वाचलं. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, पण त्या तोंडावरून काही कळेना. मग वकीलसाहेबांनी वळून मराठीत सांगितलं, की प्रतिवादीनं स्वतःच्या तोंडानं हा पाट आहे असं कबूल केलं, आणि त्यांच्या जातीत फारकतीशिवाय पाट नाही. काडी मोडली की लोंबली हे पाहायची गरज नाही. तिथं बसलेल्या सगळ्यांनी, आणि खुद्द नवऱ्यानं, फारकत झाली असंच मानलं होतं. फारकत कायम. "मूल तुमचंच," वकीलसाहेब ह्यांना म्हणाले. ह्यांनी फेटा काढला, पुन्हा घातला, आणि कोणत्या हातानं नमस्कार करावा हे न सुचून दोन्ही हात तसेच धरून उभे राहिले.

बाबा नक्कल मागायला कचेरीत गेले. हे बैल आणायला गेले. पोरगी भुकेजली होती म्हणून मी कोर्टाच्या मागच्या भिंतीला पाठ लावून, गाडीच्या आडोशाला बसले. तेवढ्यात पलीकडून चुलत्याचा आवाज आला. तो पहिल्याला फैलावर घेत होता.

"येका शब्दापाई घालवलं बे तू! पाट काऊन म्हटला? इतकं शिकवलं होतं तुले वकिलानं!"

पहिल्याच्या वहाणा मातीत घासल्याचा आवाज आला.

"बोल ना! ठेवलेली म्हणाचं होतं. पऊन गेली, ठेवलेली हाय, झालं. काय जड जात होतं?"

पोरीचं चोखणं मला मोठ्यानं ऐकू यायला लागलं. मग पहिला बोलला, आणि ज्या आवाजात तो घरी मला शिव्या द्यायचा तोच आवाज होता, फक्त खालचा.

"इतक्या लोकाइसमोर तिले तसं म्हणू काय? नाही आलं तोंडातून."

चुलता थुंकला आणि चालता झाला. पहिलाही त्याच्या मागे गेला. मी होते हे त्याला कधीच कळलं नाही. हे बैल घेऊन आले, माझ्याकडे बघून घाबरले, म्हणाले, "काऊन रडतं? जितलो ना आपण." मी काही सांगितलं नाही. मला राग आला होता. माझ्या पाठीवर त्या तव्याचा डाग आजही आहे. त्यानं तेवढा एक शब्द उच्चारला असता, तर मी जन्मभर सुखानं त्याला शिव्या दिल्या असत्या. आता तेही मला नीट जमत नाही.